कोरं घड्याळ

आई, तुझ्या नातीला घड्याळ घ्यायचं आहे. नोकरीत बढती मिळाली, त्याची स्वतःलाच भेट. चावीचं हवं, भारीतलं स्विस हवं आणि वर कुणीतरी वापरलेलंच हवं. नव्यात म्हणे काही मजा नसते. गेल्या आठवड्यात जेवताना तिनं हे सांगितलं आणि मला एवढं हसू आलं की घास बाजूला ठेवावा लागला. कशाला हसतेस म्हणून ती रुसली. हसण्याचं कारण तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

तुला आठवत असेल, तेव्हा देशाची दारं नुकती उघडायला लागली होती. त्याआधी परदेशी घड्याळ म्हणजे आखातातून आलेल्या कुणाच्या तरी मनगटावर बघायची वस्तू. मी औषधांच्या कंपनीत होते आणि तपासणी विभाग माझ्या हाती आला होता. तिथं त्या खुर्चीत आधी कुठली बाई बसलेली नव्हती. पैसे साठवून मी ठरवलं की एक घड्याळ घ्यायचं, आयुष्यभराचं. सगळं जग सेलवर चालणाऱ्या घड्याळांमागे लागलं होतं आणि मला मात्र आत चाकं फिरणारंच हवं होतं. तू म्हणालीस, "एवढे पैसे घालून वर रोज चावी पण आपणच द्यायची? हौ बाई, घे." तरी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून माझ्याबरोबर आलीस.

आपण अफझलगंजच्या त्या दुकानात उभ्या आहोत. म्हातारे दुकानदार मखमलीवर एक सोन्याचं घड्याळ ठेवतात, पातळ, तबकडी जराशी पिवळसर पडलेली. माझा जीव तिथंच अडकतो. "नवाब साब के घर की है अम्मा," ते तुला सांगतात, "ऐसा माल अब कां मिलता जी?" मी पर्स उघडायच्या बेतात आहे. आणि तू, दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच आलेली, सरळ म्हणतेस, "अच्छी है भाई, मगर हमना नक्को. बच्ची की पैली बडी चीज है, नवीच लेते." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी तुझ्याशी न बोलता बाहेर पडते.

रस्त्यावर तू मला झापलंस. आवाज चढवून नव्हे, वॉर्डातल्या पोरींना झापायचीस तसं, खालच्या पट्टीत. "जाऊबाईंच्या साड्या नेसले. हातातलं घड्याळ आमच्या जुन्या सिस्टरनं जाताना दिलेलं. लग्नातला शालूसुद्धा नणंदेचा होता. तक्रार नाही गं माझी. पण लोकांनी वापरून सोडलेलं घालायची सवय आता माझ्याबरोबर संपू दे. तुला नवाबाचं कशाला पाहिजे? तू कमावलंस ना? मग कोरं घे." त्या शालूचं मला तोवर माहीत नव्हतं. मग तूच मला पुढच्या बसमध्ये चढवलंस.

नवं दुकान नुकतंच उघडलं होतं, काचेचं, थंडगार. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं स्टीलचं एक घड्याळ दाखवलं आणि तू विचारलंस, "एवढे पैसे आणि स्टीलच?" मग ते उचलून कानाला लावलंस, माझं मनगट पकडलंस आणि सेकंदकाट्यावर डोळा ठेवून भर दुकानात माझी नाडी बघत उभी राहिलीस. तो मुलगा बघतच राहिला. तू हात सोडून म्हणालीस, "चांगलं चालतंय. हेच बांधा." घड्याळ की मी, ते काही तू सांगितलं नाहीस.

आणि पुढच्या रविवारचा तुझा पराक्रम. मी न्हाऊन बाहेर आले तर टेबलावर घड्याळ नाही. थोड्या वेळानं तू सुलतान बाजारातून आलीस, स्वयंपाकघरात पदरानं काहीतरी पुसत उभी राहिलीस आणि ते माझ्या हातात ठेवलंस. घड्याळाच्या पाठीवर नाव घातलेलं होतं! भांडेवाल्याकडून, तांब्यावर आणि पातेल्यावर घालतात तसं, त्याच थरथरत्या मशीननं. त्याला तेलुगूशिवाय अक्षर येत नव्हतं, तेव्हा तू समोर बसून खडूनं गिरवून दाखवलं होतंस. ओळ तिरकी, वेलांटी लांबच लांब. "आई, काय केलंस हे!" मी ओरडलेच. तू शांतपणे म्हणालीस, "स्टीलच तर आहे. वस्तू आपली, मग नाव नको?"

मग मी ते नाव वाचलं. मांडणीवर आजोबांच्या नावाची भांडी होती, बाबांच्या नावाची होती, मामाची 'सप्रेम भेट' होती. तुझ्या पगारातून घेतलेल्या डब्यांवरही बाबांचंच नाव होतं, तुझं एका चमच्यावरसुद्धा नव्हतं. घड्याळावर फक्त माझं होतं. पुढे वडिलांचं नाही, आडनाव नाही. मी विचारलं तेव्हा कणीक मळता मळता तू म्हणालीस, "त्यानं पण विचारलं, पुढं काय घालू. म्हटलं, पुढं काही नाही. जिची कमाई, तिचं नाव." माझा राग कुठल्या कुठं गेला. आई, माझ्या नावाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि तुझा तर असा की तो अजून तसाच आहे.

त्या थरथरीनं घड्याळ पुढे पळायला लागलं, दुरुस्त करावं लागलं, गॅरंटीही गेली. परवा तुझ्या नातीबरोबर जुन्या घड्याळांच्या एका शौकिनाकडे गेले होते. माझ्या घड्याळाची पाठ बघून तो हळहळला, या नावामुळे किंमत पडली म्हणाला, घासून काढून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, हात लावू नका. तुझ्या नातीला मराठी वाचायला वेळ लागतो. तिनं एकेक अक्षर जुळवत माझं नाव मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "मम्मी, मला दुसरं नकोच. हेच दे ना. आता हे पण जुनंच आहे."

मी तिला तुझं सगळं बोलणं ऐकवलं, तुझ्यासारखंच खालच्या पट्टीत. तू कमावलंस, कोरं घे, तुझं नाव घाल. तिला ते एकदम पटलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. हे पत्र तिला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही, म्हणून एवढं कबूल करून टाकते. ते तत्त्व वगैरे सगळं खरं आहे गं, पण तिला नाही म्हणाले ते त्यासाठी नव्हे. मला ते हातातून काढवतच नाही.