निळ्या पुस्तिकेच्या निवडीवर माझ्या नावाने उमटलेला शिक्का रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख श्री. कुवातानी,
पर्यटन व पाहुणचार विभाग,
हिसे नगर कार्यालय, हिसेजिमा बेट.

अर्जदार : श्रीमती त्सुरुए आबिरू, वय ७३, पुस्तके व वह्या-पेनांचे दुकान, बोटीच्या धक्क्यासमोर, हिसे.

विषय : पाहुण्यांसाठी निवडलेल्या खिशातल्या शब्दकोशावरील अर्जदाराची खोटी संमती रद्द करणे, तिचा विरोध इतिवृत्तात नोंदवणे आणि कोश नव्याने निवडणे.

संदर्भ : १) शब्दकोश निवड समितीची बैठक, दि. ६ जून.
२) ‘नगरवार्ता’, नोव्हेंबर अंक, पहिले पान.
३) आपले दि. ५ नोव्हेंबरचे परिपत्रक.

महोदय,

१. अर्जदार गेली एक्केचाळीस वर्षे धक्क्यासमोर दुकान चालवीत आहे. पुसानहून बोट लागली की कोरियन पाहुण्यांना पहिले दार तिचे दिसते. त्यामुळे औषध कुठे मिळेल, परतीची बोट किती वाजता, हे विचारायला ते आधी तिथेच येतात. गल्ल्याशेजारी सुतळीने बांधलेला एक जपानी-कोरियन आणि कोरियन-जपानी, असा दोन्ही बाजूंनी शोधता येणारा कोश अठरा वर्षे लटकत आहे. कोणते पुस्तक माणूस हौसेने घेऊन विसरतो आणि कोणते त्याच्या खिशात झिजते, एवढे अर्जदाराला कळते. समितीवर आपल्याला याचसाठी घेतले, असा तिचा समज होता. प्रत्यक्षात पाचवी खुर्ची रिकामी होती, म्हणून घेतले.

२. बैठकीत टेबलावर तीन नमुने होते. अर्जदार घरून तयारी करून आली होती. प्रवाशाचा कोश एका हातात मावला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बॅग असते. पान उघडून ठेवले तर ते आपोआप मिटता कामा नये. सत्तरीच्या माणसाला चष्म्याशिवाय निदान ठळक शब्द दिसला पाहिजे. उच्चार ज्याच्या त्याच्या लिपीत हवा. आणि सगळ्यांत आधी, दोघांनाही आपापला शब्द शोधता आला पाहिजे. हे सांगायला तिला तीन मिनिटे लागली. तेवढ्यात आपण स्वागतकक्षातल्या मुलींच्या गणवेशाचा कोट मागवलात आणि नमुने एकेक करून त्याच्या खिशात घालून पाहिलेत. पहिला बसला नाही. दुसरा अर्धा बाहेर राहिला. तिसरी निळी पुस्तिका सरळ आत गेली आणि टाळ्या वाजल्या. अशा रीतीने दोन देशांच्या लोकांनी एकमेकांशी काय बोलावे हे शिंप्याच्या मापाने ठरले.

३. निळी पुस्तिका खिशात गेली, कारण ती अर्धीच आहे. आपल्या हिसेकरांना जपानी शब्द शोधून त्याचा कोरियन अर्थ पाहुण्याला दाखवता येतो. पाहुण्याला स्वतःचा शब्द शोधायचा असेल तर त्याच्यासाठी त्यात एकही पान नाही. अर्जदाराने हे उभे राहून सांगितले. त्यावर आपण हसून म्हणालात, “अहो आजी, पाहुण्याला बोलायचं काय असणार? जेवण, आंघोळ, बोटीची वेळ. ते सगळं आपणच सांगतो ना!” अर्जदार म्हणाली, “मग माणसं कशाला बोलावता साहेब? फलक लावा आणि घरी जाऊन झोपा.” यावर चहा मागवण्यात आला. चहा पिताना आपण हळूच म्हणालात, “तुमचं म्हणणं ऐकलं आम्ही, आबिरू-सान. पण बैठकीचं एकमत मोडू नये. हिसेत आजवर कुणी मोडलेलं नाही.” ते मोडले होते, हे अर्जदार आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

४. असे असता इतिवृत्तात ‘पाचही सदस्यांची संमती’ असे लिहिलेले आहे आणि खाली पाच लाल शिक्के आहेत. तिसरा अर्जदाराचा आहे. तो तिने मारलेला नाही. गल्लीतल्या सगळ्यांप्रमाणे तिचाही सहीऐवजी चालणारा एक साधा लाकडी शिक्का अकरा वर्षांपासून आपल्या कार्यालयाच्या खणात पडून आहे. पार्सल घेताना किंवा कचऱ्याच्या पिशव्या वाटताना प्रत्येकाला जिना चढायला लागू नये, एवढाच त्याचा उपयोग. आपले कारकून श्री. निशिगोरी यांना विचारले असता ते अगदी प्रेमाने म्हणाले, “आजी, तुमचे गुडघे दुखतात ना! म्हटलं, एवढ्याशासाठी कशाला बोलवा!” अर्जदाराचे गुडघे दुखतात हे खरे आहे. पण नाही म्हणायला गुडघे लागत नाहीत, आणि ती बैठकीत उभी राहून नाही म्हणाली होती.

५. आता दि. १२ ऑक्टोबरची हकीकत. ती आपल्याला माहीत आहे असे आपण समजता, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. श्रीमती हात्सुनो इमायासु, वय ७८, यांच्या राहण्या-जेवणाची सोय असलेल्या घरगुती खानावळीत पुसानच्या श्रीमती ह्वांग ओक-बुन व त्यांचे पती श्री. प्यो उतरले होते. पतीला गळ टाकून मासे धरण्याचा नाद. सकाळी सहाला होडीवाल्याने त्यांना कारासु खडकावर सोडले. अकराला तो न्यायला गेला तेव्हा खडकावर कुणी दिसले नाही. दुसऱ्या होडीने गेले असतील, असे समजून तो परतला. बाकीचे कोरियन गळवाले साडेबाराच्या बोटीने निघून गेले. नवरा-बायकोत मिळून एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात, आणि त्या टोकाला फोन लागत नाही. इमायासुबाईंचा फोन फक्त बोलण्याचा आहे.

ह्वांगबाई जेवायला बसेनात. इमायासुबाईंनी ॲप्रनमधून आपली निळी पुस्तिका काढली आणि एकेक प्रश्न बोट ठेवून विचारला. भूक नाही का? भात गरम हवा का? मासा आवडत नाही का? ह्वांगबाईंनी खिडकीतून समुद्राकडे हात केला. “हो हो, इथलाच मासा! सकाळीच धरलाय!” ह्वांगबाईंनी शेजारच्या रिकाम्या आसनाकडे हात केला. इमायासुबाईंनी त्या ताटावर झाकण ठेवले आणि मान डोलावून धीर दिला. मग ह्वांगबाईंनी ती पुस्तिका त्यांच्या हातातून घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, पुन्हा चाळली, पालथी ठेवली आणि रडू लागल्या. इमायासुबाईंना वाटले मासा बिघडला. त्यांनी तो उचलला आणि अंडे करून आणले. यात इमायासुबाईंचा काडीइतका दोष नाही. त्यांच्या हातात आपण फक्त प्रश्न दिले होते.

६. दोनच्या सुमारास अर्जदार खानावळीचे मासिक टाकायला गेली. ह्वांगबाईंचा चेहरा पाहून ती सायकल वळवून दुकानात आली, सुतळी कापली आणि कोश घेऊन परत गेली. ह्वांगबाईंनी तो मागच्या बाजूने उघडला. एका मिनिटाच्या आत त्यांनी तीन शब्दांवर बोट ठेवले : नवरा. खडक. नाही. तास-दोन तास एक बाई या तीन शब्दांसाठी घरात येरझाऱ्या घालीत होती. होडी सुटली. पावणेतीनला श्री. प्यो कारासु खडकाच्या मागच्या कपारीत सापडले. पाय मोडला होता आणि पाणी छातीपर्यंत चढले होते. भरती अजून पूर्ण व्हायची होती.

७. या घटनेवर आपल्या ‘नगरवार्ते’त छापून आले : ‘निळ्या पुस्तिकेने वाचवले प्राण’. सोबत इमायासुबाईंचा पुस्तिका हातात धरलेला फोटो. ती धरून हसायला त्यांना कुणी सांगितले हे त्यांनी अर्जदाराला सांगितले आहे. नाव लिहीत नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. या यशाच्या जोरावर आणखी सहाशे पुस्तिका मागवण्यात येत आहेत. ‘एकसारखेपणासाठी’ सर्व दुकानांतील व खानावळींतील अन्य कोश दि. २० नोव्हेंबरपर्यंत कार्यालयात जमा करावेत असे परिपत्रक आहे. आणि त्याच दिवशी, नगराच्या पुस्तिकेचा प्रसंगावधानाने वापर केल्याबद्दल अर्जदाराला मानपत्र देण्याचे योजिले आहे. म्हणजे ज्या कोशाने माणूस वाचला तो सकाळी जमा करायचा, आणि जो उपयोगी पडला नाही त्याबद्दल दुपारी वाकून आभार मानायचे. अर्जदाराने पुष्कळ विनोदी पुस्तके विकली आहेत. असे एकाही पुस्तकात वाचलेले नाही.

८. आपल्या विभागात बोलले जाते की, “आबिरू आजींना पुस्तकांची ऑर्डर मिळाली नाही, म्हणून त्यांच्या पोटात दुखतंय.” तेव्हा हेही नोंदवून घ्यावे. नवा कोश कोणत्याही दुकानातून घ्यावा, अर्जदाराच्या दुकानातून एकही प्रत घेऊ नये. मागितली तरी ती देणार नाही. आणि आपल्याला पुरावाच हवा असेल तर तो गल्ल्याशेजारी लटकत आहे. मिटलेल्या कोशाची कड पाहावी. आपल्या जपानी बाजूची पाने अजून पिवळसर आहेत, पाहुण्यांच्या बाजूची बोटे लागून लागून काळी पडली आहेत. बोलायचे कुणाला जास्त असते, ते तिथे दिसते.

९. सबब अर्जदाराचे म्हणणे असे :
(अ) तिचा शिक्का इतिवृत्तातून रद्द करावा, त्या जागी ‘विरोध’ असे लिहावे, आणि लाकडी शिक्का खणातून काढून तिच्या हातात द्यावा.
(ब) सहाशे पुस्तिका रद्द करून दोन्ही बाजूंनी शोधता येणारा कोश घ्यावा. खिसा लहान पडत असेल तर खिसा मोठा शिवावा.
(क) मानपत्रावर दुसऱ्या कुणाचेही नाव घालावे.
(ड) दुकानातला कोश जमा होणार नाही. न्यायचाच असेल तर आपण स्वतः यावे. दुकान आठला उघडते आणि सुतळी आता दुहेरी आहे.

१०. येथून पुढे अर्जदार म्हणून लिहिणे मला जमणार नाही, मी माझ्या तोंडाने बोलते. ह्वांगबाईंनी आपल्याला, म्हणजे विभागप्रमुखांना, उद्देशून एक पत्र पाठवले आहे. पत्ता त्यांच्याकडे फक्त माझा होता. पाकीट त्यांनी मुद्दाम उघडे ठेवले, मीही वाचावे म्हणून. पत्र कोरियनमध्ये आहे, अवघ्या चार ओळींचे. मला ते लावायला दोन दुपारी लागल्या. कोश मागच्या बाजूने उघडून एकेक शब्द शोधला, आणि वाचून झाल्यावर मी दुकान थोडा वेळ बंद ठेवले.

ते पत्र मी भाषांतर न करता सोबत जोडते आहे. आपण ते निळ्या पुस्तिकेच्या मदतीने वाचावे. फोन घेऊ नये, दुभाषा बोलावू नये. त्या दुपारी इमायासुबाईंकडे दोन्हीपैकी काही नव्हते. दि. २० नोव्हेंबरच्या आत त्यात काय लिहिले आहे ते मला लेखी कळवावे. कळवलेत तर मी हा अर्ज मागे घेईन, मानपत्र घ्यायला जिना चढून येईन आणि सुतळी माझ्या हाताने सोडेन.

पत्र रागाचे नाही, घाबरू नये. त्यात बाईंनी आपल्याला एक साधा प्रश्न विचारला आहे, आणि त्या उत्तराची वाट पाहत आहेत.

शिक्का आपल्या खणात असलेली, संमती मात्र स्वतःपाशी ठेवलेली,

त्सुरुए आबिरू
(शिक्का आपल्याकडे अडकल्याने डाव्या हाताचा अंगठा)

हिसे, दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) इतिवृत्ताची प्रत, तिसऱ्या शिक्क्याभोवती शिसपेन्सिलीने गोल केलेली.
२) ‘नगरवार्ता’, पहिले पान.
३) मानपत्राचे निमंत्रण, परत.
४) श्रीमती ह्वांग यांचे पत्र.
५) निळी पुस्तिका, एक प्रत. आपली कोटाच्या खिशात राहिली असल्यास.