जनकाबाईंनी न काढलेला शब्द

३ सप्टेंबर, मंगळवार
काल पोळा, आज पुन्हा फायली. गिरणीची केस लागली – बारा तारखेला. देऊळगाव राजाकडचं गाव. जनकाबाईंनी दळणाचा डबा रांगेत ठेवला; गिरणीवाल्या पंजाबरावानं तो पायानं बाहेर सरकवला आणि चारचौघांत जातीवरून शिवी दिली. फिर्यादीत जमादाराचं नेहमीचं वाक्य – 'जातिवाचक शिवीगाळ केली'. शिवी कोणती, ते नाही! सरकारी वकील म्हणून पंधरा वर्षं हेच वाक्य वाचते आहे. ठाण्यात शिक्काच करून ठेवला असावा.

९ सप्टेंबर, सोमवार
जनकाबाई आल्या. म्हटलं, कोर्टात नेमका शब्द सांगावा लागेल, नाहीतर केस पडेल. मी तो तुमच्या तोंडात घालू शकत नाही, कायद्याला चालत नाही.

"नाही सांगनार, म्याडम. आमी बुद्धाचे झालो तवापासून तो शब्द आमच्या घरात कोनी काढला नाही. बापानं काढू देल्ला नाही. आता मीच काढू? त्याच्यासाठी?"

तासभर समजावलं. हट्टी बाई! रागच आला. आमच्याही घरी तो कोणी काढत नाही. मी मात्र कोर्टात कलमाचा आकडा सांगावा तसा उच्चारते. हे त्यांना सांगितलं नाही.

१० सप्टेंबर
दुसरी साक्षीदार गोजरबाई. रांगेत जनकाबाईंच्या मागेच होती. पण पंजाबरावाची सख्खी चुलती! फितूर होणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार
जनकाबाईंची साक्ष. डबा, रांग, पाय – सगळं चोख सांगितलं. मग मी विचारलं, तो काय म्हणाला? गप्प. न्यायाधीशांनी विचारलं. तरी गप्प. पंजाबराव मिशीत हसला. नोंद झाली – 'साक्षीदार शब्द सांगत नाही.'

केस गेल्यात जमा. घरी येऊन वांग्याची भाजी केली. मीठ जास्त पडलं.

१३ सप्टेंबर
गोजरबाईला उभं केलं – दुसरं कोणी उरलंच नव्हतं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत न्यायाधीशांकडे वळली.

"ती काऊन सांगन, साहेब? शब्द तिचा थोडाच हाय? आमच्या घरातला हाय. मी सांगतो, लिवून घ्या."

पुतण्याकडे बघत सांगितला. टायपिस्टला नीट ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा एकदा.