बावीस युनिटं, एकशे शहात्तर कामगार

७ एप्रिल २०२५, सोमवार
कॉलेज सोडल्याला आज बरोबर एक वर्ष झालं. पश्चात्ताप नाही. हजेरीवरून वर्गातच प्राचार्यांशी बोलाचाली झाली, मी खुर्ची आपटली, विषय संपला.
आजपासून नोकरी. जिल्ह्यात कुठल्या गावात कोणता धंदा एकवटलाय ते हुडकायचं, म्हणजे सरकार तिथं क्लस्टर करणार. अट एकच: एका गावात एकाच धंद्याची किमान वीस युनिटं. आमचे बॉस रामकिसन सर म्हणाले, ज्याचं क्लस्टर मंजूर होईल तोच तिथला मॅनेजर. सोबतच्या बन्सीनं चिकलठाण्याची वेल्डिंगची दुकानं घेतली. कल्पनाशक्तीच नाही माणसाला.
मी लासूर स्टेशनकडचं एक गाव घेतलं. नाव लिहीत नाही, बन्सी टेबलावरचं सगळं वाचतो. सुगंधा त्याच गावची आहे, हा निव्वळ योगायोग.

८ एप्रिल
सुगंधाबद्दल एकदाच लिहून टाकतो, मग फक्त काम. वर्गात होती. मी खुर्ची आपटली तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या, तिनं एकटीनं माझ्याकडं पाहिलं. वडील नानासाहेब, पंधरा एकर, मोसंबीची बाग. बिननोकरीच्या पोराला ते दारात उभं करणार नाहीत. म्हणून आधी मॅनेजर, मग लगेच मागणी. मे संपायच्या आत. ठरलं.

१० एप्रिल, सकाळी ९.३०
पहिल्याच फेरीत सापडलं. कारभारींच्या गच्चीवर आठ बायका सोऱ्यानं कुरडया घालत होत्या. खाली चुलीवर हे एवढं पातेलं, त्यात गव्हाचा चीक रटरटतोय. अख्खी गच्ची पांढरी.
युनिट क्र. १. मालक कारभारी. कामगार ८, सर्व महिला.
त्यात सुगंधा! माझं पेन खाली पडलं. तिनं विचारलं, तुमच्या घरी करत नाहीत का कुरडया? म्हणजे घरची चौकशी सुरू झाली. मी म्हणालो, घरी मी फक्त खातो. सगळ्या हसल्या. वातावरण अनुकूल.

११ एप्रिल
युनिट २, मुंजाबा. कामगार ८. सुगंधा इथंही हजर. काल जाताना मी मोठ्यानं म्हणालो होतो, उद्या मुंजाबांकडं. तिनं ऐकलेलं दिसतंय.

१५ एप्रिल
युनिट ५. पाचही ठिकाणी बरोब्बर आठ कामगार. एवढी शिस्त जपानमध्ये नसेल. भांडीसुद्धा सगळीकडं एकाच मापाची. पातेल्याला पोचा आहे तोही एकाच जागी. याला स्टँडर्डायझेशन म्हणतात. खेड्यात कुणी शिकवलं?
आणखी एक निरीक्षण: गावात एका दिवशी एकच युनिट चालतं, बाकीची बंद. माल जास्त होऊन भाव पडू नये म्हणून आपसात ठरवलेलं असणार. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं.
सुगंधा पाचही दिवस, मी जिथं ती तिथं. लाजणं नाही, भिणं नाही. गावात बोभाटा होईल ही काळजी मला एकट्यालाच.

२२ एप्रिल
बन्सीनं माझे फॉर्म चाळले. म्हणाला, बायकांची नावं लिहून घे. मी म्हणालो, फॉर्ममध्ये नावाचा रकानाच नाही. म्हणाला, तरी पण घे एकदा. मी फाइल ओढली, त्याचा चहा त्याच्याच वेल्डिंगच्या फॉर्मांवर सांडला. जळतो, दुसरं काय.
संकल्प: राग आवरायचा. (बन्सी सोडून.)

२९ एप्रिल
युनिट १६. ‘विक्री कुठं करता’ हा रकाना रिकामाच राहिला होता. आवडाबाईंना विचारलं. म्हातारी सगळीकडं असते, तिनं होकार दिल्याशिवाय चीक खाली उतरत नाही. पद: फिरती सुपरवायझर. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "इकायच्या कशाला? खायच्या हायत."
लिहिलं: भक्कम स्थानिक बाजारपेठ.

६ मे
युनिट २२, नानासाहेब. आकडे दोनदा खोडून लिहिले. सगळ्यात मोठं युनिट. माल इतरांच्या तिप्पट. गुलाबी कुरडया, हिरव्या कुरडया, पापडावर मोर. असला माल कुणी घरी खायला करत नाही. शेरा: निर्यातक्षम.
कामाला सातच जणी होत्या. सुगंधा बाजूला बसून. तिला कुणी सोऱ्याला हात लावू देईना. देखरेख करणारी मालकीण धरून एकूण ८.
नानासाहेबांना अदबीनं विचारलं, क्लस्टर मंजूर करणाऱ्या मोठ्या साहेबांना पाहणीला कधी आणू? ते म्हणाले, सोळा तारखेला दारात मांडव हाय, सारा गाव असल, जेवायलाच घेऊन या. पाहणीसाठी स्वखर्चानं मांडव. असा सासरा नशिबानं मिळतो.

१५ मे
अहवाल तयार. एकशे शहात्तर कामगार. रामकिसन सरांनी पाठीवर हात ठेवला. पाहणी झाली की लगेच, साहेबांच्या देखतच, मागणी घालायची. वाक्यं आरशासमोर म्हटली. नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

१६ मे, सायंकाळी ५, लासूर स्टेशन, प्लॅटफॉर्म
जमेल तेवढं लिहितो.
मांडव होता. वाजंत्री होती. आम्ही गाडीतून उतरलो तर साहेबांना कुणी तरी फेटा बांधला. साहेब खूश. म्हणाले, आधी युनिटं दाखवा. एकही चालू नव्हतं. गच्च्या मोकळ्या. सर माझ्याकडं बघायला लागले. मी आवडाबाईंना गाठलं, विचारलं, बाकीच्या कामगार बायका कुठं आहेत?
"बाकीच्या कोण? आमीच त्या," ती म्हणाली. "आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. वरसाच्या कुरडया एकटीनं व्हत्यात व्हय रे?"
साहेबांनी विचारलं, मग एकूण बायका किती? आठ. पातेली किती? एक, आवडाबाईंचंच.
सरांनी फाइल काखेत घातली. हळूच म्हणाले, सोमवारी ओळखपत्र जमा कर.
मांडवात एका टेबलावर निर्यातक्षम माल मांडला होता. गुलाबी, हिरवा, मोरवाला. वर चिठ्ठी: चि. सौ. कां. सुगंधाचं रुखवत. नवरा वाळूजला कंपनीत आहे. शांत स्वभावाचा आहे म्हणतात.
आरशासमोरची वाक्यं कुणाला म्हणावीत ते कळेना. तेवढ्यात नानासाहेब आले. मला वाटलं, हाकलणार. माझ्या हातात परात देऊन म्हणाले, "आवं, महिनाभर घरच्यावानी फिरलात. लाजताय काय, वाढा की."
तीन पंगती वाढल्या. कुरडया माझ्याकडं होत्या. साहेबांनी जाताना दोन किलो गाडीत ठेवून घेतल्या. महिन्याभरात गावाबाहेर गेलेला माल एवढाच, तोही फुकट.
शेवटच्या पंगतीला नवरानवरी बसले. सुगंधानं मान वर केली नाही. नवरदेवानं तिसऱ्यांदा कुरडई मागितली.
वाढली.