निधनवार्ता विभागातून भाचीचा नमस्कार

चिखली, ३१ मे, दुपारी साडेबारा

रोहिणखेड मुक्कामी कडूबा मामांच्या पायावर भाची पूनमचं डोकं. तुमची तब्येत कशी आहे? छातीत कळ वगैरे येत नाही ना? मामी आणि दोन्ही बैल मजेत असतील. मी ठीक आहे. (ऊन एवढं आहे की ऑफिसातल्या माठातलं पाणी चहासाठी परत तापवावं लागत नाही.)

मामा, आईशी भांडून "पोरीले पत्रकार होऊ दे" असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून हे सगळं तुम्हालाच ऐकावं लागेल. कॉलेजनं उन्हाळ्यात महिनाभर पेपरच्या ऑफिसात शिकायला पाठवलं, तेव्हा मला वाटलं आता मी भ्रष्टाचार खणून काढणार. संपादक शंकररावसाहेबांनी मला पान चारवरच्या निधनवार्ता दिल्या. आपल्याकडे लोक पेपर उघडतात तोच पान चारपासून; कोण गेलं ते आधी, जग मागून. साहेबांनी पहिल्याच दिवशी दम भरला, की घरच्यांना फोन करून विचारल्याशिवाय एकही माणूस मारायचा नाही. ("मारायचा" हा त्यांचाच शब्द. मी तेव्हा खूप हसले होते.)

तिसऱ्या दिवशी एक म्हातारबा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि एवढ्या फुफाट्यातून येऊनही पाय धुतल्यासारखे स्वच्छ. घडी केलेला कागद पुढे केला. अक्षर काय सुंदर! शाई मात्र ओली, माझ्या बोटांना लागली. अमडापूरच्या सरस्वतीबाई गेल्या, त्यांच्या पश्चात अमुक तमुक परिवार. मी विचारलं, तुमचं नाव काय टाकू? म्हणाले, "घरचाच समजा, माय." पंखा फुल होता, माझे कागद उडून राह्यले होते, त्यांचा कागद मात्र हलला नाही. त्यांना दिलेला चहा तसाच राहिला, नुसती साय धरली. आणि मी बावळट, अक्षरावर भाळून फोन करायलाच विसरले!

दुसऱ्या दिवशी दुपारी अमडापूरहून सरस्वतीबाईंच्या मुलाचा फोन आला. मी आधीच माफी मागून टाकली. पण ते रागावले नव्हते. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की आमची माय सकाळी दहाला गेली, मग सहा वाजता आलेल्या पेपरात कसं?

मला वाटलं साहेब हाकलतील. साहेबांनी पेढे आणले! बाकीच्या पेपरांच्या एक दिवस आधी बातमी दिली म्हणून. पुढच्या आठवड्यात म्हातारबांनी उंद्रीच्या निवृत्ती गुरुजींचा कागद आणला, तो साहेबांनीच छापायला सोडला, आणि गुरुजी पेपर वाचता वाचताच गेले म्हणे. तिसरा कागद उत्तमरावांचा. यावेळी मी फोन लावला तर उत्तमरावांनीच उचलला. "हाव, मीच बोलून राह्यलो. जेवून राह्यलो. काऊन?" मी रॉंग नंबर म्हणून ठेवला आणि कागद ड्रॉवरमध्ये दाबला. मामा, त्याला बारा दिवस झाले. उत्तमराव अजून वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या वेचून राह्यले आहेत. काल मी मुद्दाम फोन करून परत रॉंग नंबर म्हटलं, तर त्यांनी मला शिव्या दिल्या. एवढा आनंद मला शिव्यांचा कधी झाला नव्हता.

आज अकरा वाजता म्हातारबा परत आले. मी कागद घेईना, तर माझ्याकडे बघून हसले, आत गेले आणि थेट साहेबांच्या हातात दिला. जाताना मला म्हणाले, "घाई नाही माय, उद्याच्या अंकात आलं तरी चालते."

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची,
पूनम

ता.क. कागद रोहिणखेडचा आहे. नाव तुमचं आहे. मी साहेबांच्या हातापाया पडले, की हे माझे सख्खे मामा, जिवंत आहेत. साहेब म्हणाले, "तुह्या घरचं आहे म्हणजे तर पक्कीच बातमी. म्हातारबाचं आजवर खोटं निघालं का बे?" शेवटी एवढ्यावर आले, की सात वाजता पान छापायला जाईल, त्याआधी खुद्द कडूबाचा फोन आला तर काढतो. आणि तुम्ही बॅटरी वाचावी म्हणून फोन बंद ठेवता! शेजारच्या बेबीताईंना लावला, तर म्हणे सकाळीच वावरात गेले ते अजून आले नाहीत, आणि मागे धाडायला कोणी नाही. मी स्वतः आले असते, पण मी ऑफिस सोडलं की माझ्या खुर्चीवर टायपिंगवाला रवी बसेल, आणि रवी कागद हाती आला की काही न विचारता टाईप करतो. म्हणून हे पत्र मोताळ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. तिथून ऑटोवाला वावरात आणून देईल. ऑफिसचा नंबर पाकिटावर आहे. फोन करून फक्त खोकलात तरी मी ओळखीन.

ता.क. २. मजकुरात तुमचं वय त्रेसष्ट लिहिलंय. तुम्ही तर बासष्टचे! चूक सापडली म्हणून मी टाळीच वाजवली. मग आठवलं, मास्तरांनी शाळेत सगळ्यांसारखी तुमचीही जन्मतारीख एक जून लावली होती. उद्या एक जून.

ता.क. ३. पश्चात परिवारात पत्नी आणि "भाची पूनम" असं आहे. निधनवार्तेत भाचीचं नाव कोणीच टाकत नाही, मामा. ते वाचून मी संडासात जाऊन रडले. पहिल्या ओळीत तब्येत विचारली ती पत्राची रीत म्हणून नाही. मले खरंच सांगा.