मी भांडतच नाही

२ मार्च, सकाळ

काल रेड कार्ड. मी काही केलेलं नाही.

झालं ते असं. समोरच्या टीमचा नऊ नंबरवाला सारखा माझा शर्ट ओढत होता. आम्ही त्याला कंगवा म्हणतो, कारण बॉल डोक्याने मारला की आधी केस सारखे करतो आणि मग बॉल कुठे गेला ते बघतो. मी त्याला समजवायला वळलो. वळताना माझा हात त्याच्या मानेला लागला. नुसता लागला. तर हा पठ्ठ्या असा लोळायला लागला की मला वाटलं, आता घरच्यांना कळवावं लागणार. मी गेल्यावर दोन मिनिटांत उठून पळत होता.

टीव्हीवर तेच तेच स्लो मोशनमध्ये दाखवताहेत. स्लो मोशनमध्ये आजीने नातवाचा गालगुच्चा घेतला तरी खून वाटेल. पेपरात माझा फोटो, खाली 'मैदानावरचा गुंड'. नऊ वर्षं या क्लबच्या बचावफळीत उभा आहे, ते कुणी छापत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तीन मॅचची बंदी. संकल्प: आजपासून राग बंद.

२ मार्च, दुपार

पेपरवाल्याला फोन करून त्याची चूक शांतपणे समजावली. त्याने फोन ठेवला. परत लावला. परत ठेवला. मग बायकोने माझा मोबाइल काढून घेतला.

राग उद्यापासून बंद.

४ मार्च

कोचने ऑफिसात बोलावलं. तिथे भिंतीवर पांढरा बोर्ड आहे, त्यावर आम्हा प्रत्येकाच्या नंबरची चुंबकं. माझं दिसेना. मग दिसलं. कपाटाच्या दाराला लाँड्रीचं बिल चिकटवायला वापरलं होतं.

कोच कमी बोलतो. म्हणाला, "तू चांगला खेळतोस. पण तू असलास की आपण दहाजण असतो. अजून एक रेड कार्ड, आणि पुढच्या मोसमाचा करार विसर."

मी त्याला शंभर टक्के पटल्याचं सांगितलं आणि हल्लीच्या रेफरींच्या दर्जाबद्दल थोडं बोललो. तो मध्येच टोपी घालून मैदानावर निघून गेला. उरलेलं मी गवत कापणाऱ्या काकांना सांगितलं. त्यांचं मशीन चालू होतं, पण मान डोलवत होते.

घरी आल्यावर मात्र हिशेब केला. मला चौतिसावं संपत आलंय. करार गेला तर या वयात मला कोण घेणार? आणि मला दुसरं येतं काय? घरातला बल्बसुद्धा बायको बदलते.

५ मार्च

क्लबच्या प्रसिद्धीचं बघणाऱ्या मॅडमनी माफीचा व्हिडिओ काढायला बोलावलं. लोकांच्या मनातली तुमची प्रतिमा सुधारायची आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, प्रतिमा ठीक आहे, लोकांची मनं सुधारा. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

माफी मागितली. 'ज्यांना वाईट वाटून घ्यायची हौस आहे त्यांची मी माफी मागतो.' मॅडम म्हणाल्या, परत. 'कंगव्याची मान नाजूक आहे हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर...' परत. दुपारपर्यंत तेच. शेवटी त्यांनी मी पाणी पितानाचा एक तुकडा घेतला, आवाज काढून टाकला आणि मागे पियानो लावला. त्यात मी खूप पश्चात्तापी दिसतो. खरं तर त्या वेळी एसी बंद का आहे असं विचारत होतो.

७ मार्च

व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचायच्या नाहीत असं ठरवलं.

वाचल्या.

माणसं काय काय लिहितात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकाने लिहिलंय, याला कुस्तीत पाठवा. दुसरा म्हणतो, कुस्तीवाल्यांनी काय पाप केलंय? याला सत्तर लाइक. मी 'निष्पक्ष प्रेक्षक' या नावाने नवीन अकाउंट उघडलं आणि या सभ्य, समंजस खेळाडूची बाजू चार ठिकाणी मांडली.

८ मार्च

'निष्पक्ष प्रेक्षक' अकाउंट कायमचं बंद करण्यात आलं. कारण: शिवीगाळ. बायको म्हणाली, अकाउंट कुणाचं ते तिला पहिल्याच वाक्यावरून कळलं होतं. कन्येला तर पहिल्या शिवीवरून कळलं. कन्येने वाचलं हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तिसरीत आहे.

११ मार्च

कन्येच्या शाळेत मी 'खिलाडूवृत्ती' या विषयावर बोलणार होतो, महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. मोठ्या बाईंचा फोन आला. विषय बदललाय, आता 'दातांची निगा' आहे आणि त्यासाठी डॉक्टर येणार आहेत. मी म्हटलं, मी दातांवरही बोलू शकतो. बाईंनी 'कळवते' म्हणून फोन ठेवला.

कन्या सांगत होती, मधल्या सुट्टीत वर्गातली मुलं 'रेड कार्ड' नावाचा खेळ खेळतात. एकजण पडतो, एकजण कार्ड दाखवतो आणि एकजण बाबा होतो. बाबा व्हायला सगळ्यांची झुंबड असते. म्हणजे लहान मुलांत माझी लोकप्रियता टिकून आहे. मी तिला विचारलं, तू काय होतेस? ती म्हणाली, मी खेळत नाही.

१६ मार्च

बंदीतली दुसरी मॅच. गॅलरीत बसून बघितली. आपण जिंकलो, याही वेळी एकही गोल न खाता. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवणीचं फळ. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मला न ओळखता म्हणाले, तो दांडगट नसला की बचाव कसा शिस्तीत चालतो बघा. मी त्यांना माझी ओळख करून दिली. सिक्युरिटीवाल्याने मला दुसऱ्या रांगेत बसवलं.

आमचा गोलकीपर बोका भलताच फुगलाय. मी नसल्यापासून त्याने एकही गोल खाल्लेला नाही, आणि हे तो कपडे बदलायच्या खोलीत दर पाच मिनिटांनी सांगतो. मी हसून सोडून दिलं. नंतर त्याच्या लॉकरला लाथ लागली, पण ती चालताना.

२४ मार्च

बंदी संपली. प्रॅक्टिस सुरू. सासूबाईंनी रागावर उपाय सांगितलाय: राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरायचा, गिळायचा नाही आणि थुंकायचा नाही. सासरे म्हणे चाळीस वर्षं याच उपायाने शांत आहेत. खरं असेल. सासऱ्यांचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

आज सरावाच्या सामन्यात बाटली कमरेला अडकवून खेळलो. असिस्टंट कोचने माझ्याविरुद्ध साफ खोटा फाउल दिला. घोट घेतला. धरला. त्याला एवढंच विचारायचं होतं की हा फाउल कसा, तर सगळं पाणी त्याच्या तोंडावर. त्याने चष्मा पुसला आणि कोचकडे बघितलं. उपाय चांगला आहे, सवय हवी.

२८ मार्च

उद्या कंगव्याच्या टीमशी परतीची मॅच, ती पण आपल्या मैदानावर. मॅडम म्हणाल्या, कॅमेरे सगळा वेळ तुमच्यावर असतील. खिलाडूवृत्तीचा एखादा क्षण सापडला तर सोडू नका, एका क्षणात माणसाची प्रतिमा बदलते. कोच म्हणाला, तू कुठलाही क्षण शोधू नकोस, बॉल आला की लांब मार.

दोघांचंही ऐकणार आहे. बायकोला सांगितलं, उद्यानंतर लोक माझं नाव आदराने घेतील. ती म्हणाली, तू फक्त पूर्ण नव्वद मिनिटं मैदानावर राहा, आदराचं पुढे बघू.

३० मार्च

सगळं क्रमाने लिहितो, कारण पेपरात सगळं उलटं आलंय.

ऐंशी मिनिटं मी देवमाणूस होतो. कंगव्याशी सुरुवातीला हात मिळवला, वर त्याच्या मानेची चौकशी केली. त्याने दोनदा शर्ट ओढला, मी दोनदा हसलो. स्कोअर शून्य-शून्य.

मग कंगव्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो खाली बसला. त्यांच्याच गोलकीपरने बॉल मैदानाबाहेर टाकला. आता आमच्याकडे हा शिरस्ता आहे की माणूस पडला म्हणून समोरच्याने बॉल बाहेर टाकला तर थ्रो घेऊन बॉल त्याचा त्याला परत करायचा. नियमात नाही, पण अब्रूचा प्रश्न असतो. मी म्हटलं, हाच तो क्षण. थ्रो माझ्या पायाशी टाकायला लावला. सगळ्यांना दिसेल असा हात वर केला. कॅमेरे कुठे आहेत ते बघून घेतलं. आणि मधल्या रेषेवरून त्यांच्या गोलकीपरकडे एक उंच, सुंदर, दिलदार किक मारली.

तो बावळट पाठमोरा उभा राहून हातमोजा दातांनी घट्ट करत होता. बॉल त्याच्या मागे टप्पा पडून डोक्यावरून आत गेला.

गोल. रेफरीने वेळ बघितली आणि मधल्या रेषेकडे बोट दाखवलं. नियमाने गोलच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. सहा वर्षांत माझा हा पहिलाच गोल. शरीर आपोआप धावलं. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत गेलो, गुडघ्यांवर घसरलो, शर्ट डोक्यावर घेतला. शर्ट खाली केला तेव्हा त्यांची अख्खी टीम माझ्याभोवती उभी होती. धक्काबुक्की झाली. मी कुणालाही हात लावला नाही, फार तर चार-पाचजणांना अडवलं.

मग मीच तोडगा काढला. म्हटलं, तुम्हीही एक गोल करा, आम्ही जागचे हलणार नाही, फिटंफाट. आमच्या लोकांनी तोंडं वाकडी केली पण मानलं. कोच बाकावर बसून दोन्ही हातांत डोकं धरून होता, त्याचा मी होकार धरला. खेळ सुरू झाला. सगळे पुतळ्यासारखे उभे. कंगवा लंगडत बॉल घेऊन एकटाच निघाला. पब्लिक टाळ्या वाजवत होतं. माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. म्हटलं, हे सगळं माझ्यामुळे.

आणि बोक्याने त्याच्या पायावर उडी मारून बॉल धरला.

छातीशी धरून म्हणाला, "माझा एकही गोल न खाण्याचा हिशेब चाललाय. तुझी खिलाडूवृत्ती तुझ्या घरी."

मी त्याला समजवायला गेलो. खिलाडूवृत्ती म्हणजे काय, मोठं मन म्हणजे काय, हे त्याला नीट ऐकू जावं म्हणून मी त्याची कॉलर धरली होती. तो ऐकेना म्हणून थोडा हलवला. मग आम्ही दोघं जाळ्यात होतो. आणि आम्हाला सोडवलं कुणी, तर कंगव्याने. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होता, जाऊ दे, जाऊ दे, एवढं काय. तोच फोटो आज सगळीकडे आहे. 'मैदानावरचा शांतिदूत.' त्याचे केस व्यवस्थित आहेत.

मला रेड कार्ड. स्वतःच्याच माणसाला मारल्याबद्दल. शिवाय पेनल्टी बॉक्समध्ये मारल्यामुळे त्यांना पेनल्टी. कंगव्याने ती घातली. एक-एक.

म्हणजे बघा, त्यांना गोल परत मिळायला हवा होता, तो मिळाला. कुणामुळे मिळाला? पण हा मुद्दा एकाही पेपरने मांडलेला नाही.

१ एप्रिल

कोचने बोलावलं. मी पेनल्टीचा मुद्दा मांडला. त्याने पूर्ण ऐकून घेतला, तेव्हाच मला कळलं. तो कधी पूर्ण ऐकत नाही. म्हणाला, "नऊ वर्षं छान गेली." आणि हात पुढे केला. तो हात मला बराच वेळ सोडवेना. आधी राग आला, मग नुसतं रडू आलं. तिथे रडलो नाही. पार्किंगमध्ये रडलो.

२६ मे

सगळ्या क्लबांना फोन करून झाले. खालच्या डिव्हिजनमधला एक मॅनेजर फार आनंदाने बोलत होता, आम्हाला बचावाला अनुभवी स्टॉपर हवाच आहे म्हणाला. मग त्याने नाव विचारलं. मग रेंज गेली.

कंगव्याला मोसमातल्या खिलाडूवृत्तीचं बक्षीस मिळालं. टीव्ही बंद केला. तो रिमोटने बंद होत नव्हता म्हणून वायर ओढली. वायर हातात आली.

१४ जून

शेवटी कदर झाली. फुटबॉल असोसिएशनकडून फोन. नव्या रेफरींचं प्रशिक्षण शिबिर आहे, त्यात मोठ्या सामन्यांचा अनुभव असलेला खेळाडू हवा. तुमच्याशिवाय दुसरं नावच डोळ्यांसमोर आलं नाही, म्हणाले. सगळ्या नातेवाइकांना कळवलं की मी आता मार्गदर्शक आहे. भाषणाचे मुद्दे काढले. बायकोने टी-शर्टला इस्त्री करून दिली.

२१ जून, संध्याकाळ

भाषण नव्हतं.

काम असं: शिकाऊ रेफरीने शिट्टी मारायची आणि मी त्याच्या अंगावर धावून जायचं. म्हणजे त्यांना कार्ड कधी काढायचं याचा सराव होतो. मी सांगितलं की हे माझ्या स्वभावात नाही, पण प्रयत्न करतो. चहाच्या सुट्टीपर्यंत शिकवणारे निवृत्त रेफरी खूश झाले. म्हणाले, इतकं नैसर्गिक काम आजवर कुणी केलेलं नाही. एका बँकेतल्या शिकाऊ रेफरीला घरी पाठवावं लागलं, तो फार घाबरला.

दुपारी त्यांनी प्रकार बदलला. आता शिट्टी वाजली तरी मी काही करायचं नाही. शांत उभं राहायचं, म्हणजे प्रत्येक वेळी कार्ड लागत नाही हे शिकाऊंना कळेल. समोर एक नर्सबाई होत्या, शिट्टी हातात घेऊन पहिलाच दिवस. त्यांनी शिट्टी मारली. मी हात मागे बांधून उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. हललोसुद्धा नाही.

बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रेड कार्ड दाखवलं.

शिकवणाऱ्यांनी विचारलं, यांनी काय केलं? बाई म्हणाल्या, "केलं नाही अजून. पण आता करणारच होते." सगळे हसले. शिकवणारेही हसले आणि त्यांनी कार्ड रद्द केलं नाही.

मी खरोखर काहीच केलं नव्हतं. फक्त मनात आलं होतं, की फाउल नसताना फाउल देतात, ती शिट्टी काढून घ्यावी आणि कुंपणापलीकडे फेकावी. पण हे बाईंना कळलं कसं? घरी येऊन बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सगळ्यांना कळतं रे. तुलाच तेवढं उशिरा कळतं."

मी तिच्याशी भांडलो नाही. शेजारी बसून उरलेली भाजी निवडली.

शिबिरात उद्याही बोलावलंय. जाईन. दुसरीकडून कुठून बोलावणं नाही.