लिपोवाचची खुर्ची

३ सप्टेंबर १९१६
आलो एकदाचा! लिपोवाचच्या लष्करी गव्हर्नरचा नवा सहायक, मेजर एमेरिख हाल्मोश. गव्हर्नर म्हणजे आमचा लेओ, जनरल लेओपोल्ड फॉन ट्राउटेनेग. लष्करी शाळेत भूमितीत माझ्यामुळे पास व्हायचा. आता छातीभर पदकं, दारात पहारा, जेवायला आलुबुखारा भरलेले गरमागरम उकडगोळे. मला पाहून त्याने मिठीच मारली. म्हणाला, तू आलास, आता कुठे जिवात जीव आला. मी हसलो, पण आतून जळत होतो.

५ सप्टेंबर
मी खंदकात चिखल तुडवला. याने सेनापतीच्या पुतणीशी लग्न केलं नि भराभर वर चढला. फिर्यादी ऐकायच्या दालनात लाल मखमली खुर्ची आहे. पठ्ठ्या तिकडे फिरकतही नाही. मी बसून पाहिलं. त्याच्यापेक्षा मलाच शोभते.

७ सप्टेंबर, गुरुवार
लेओ म्हणाला, आजची सुनावणी तूच घे. बरेच गावकरी आले. एवढ्या उन्हात गळ्याला मफलर, आणि प्रत्येकाची मान एका बाजूला कललेली. सगळे एकच विचारत होते, गव्हर्नर कोण? झोंबलंच मला. इथेही त्याचीच चौकशी! म्हणालो, मीच. मग त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात फाशीच्या हुकमांवर सही कुणी केली? म्हटलं, मीच केली. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

८ सप्टेंबर
अर्दली व्होयतेखला म्हटलं, काल गर्दी होती. त्याने छातीवर बोटांनी क्रूसाची खूण केली. म्हणाला, कसली गर्दी साहेब? चौकात माणसं लटकवल्यापासून इकडे कुत्रंसुद्धा येत नाही.

९ सप्टेंबर
जेवणघरातही तेच गावकरी. मफलर सोडलेत. गळ्यावर काळे वळ—
लेओला सांगितलं. दचकला नाही. पोटभर जेवला, कित्येक महिन्यांनी, असं व्होयतेख म्हणतो. वर मलाच विचारतो, तुलाच हवी होती ना रे खुर्ची?

१० सप्टेंबर
लेओ व्हिएन्नाला निघाला. मला उठता येईना. खांद्यावर हात— गार—
ते म्हणतात, जनरलसाहेबांनी सांगितलं होतं, सही करणारा यायचाय, थांबा. म्हणून लेओने मला बोलावलं—
खिडकीतून दिसतोय. बग्गीत चढतोय. कॉलर उघडी. मान कशी ताठ— लेकाच्याला सगळंच मिळतं— आणि माझी मा—