लाल कापडाची पेटी

मु. फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. लखन यास,

जय सेवालाल. थोरल्या भावाचा आशीर्वाद.

इकडं सगळे ठीक आहोत. तू नागपुरात ठीक असशील असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून कळायचा रस्ता अकरा वर्षांपासून बंद आहे. तूर घरात आली. हरभरा बरा आहे. तुझ्या भावजयीचे गुडघे मात्र बोलायला लागले. धनीबाई म्हणते, "फोन लावा ना लखनले. चिठ्ठी कोन वाचते आता?" पण फोनवर तू माझा आवाज ऐकून ठेवून देशील. कागद फाडायच्या आधी निदान दोन ओळी तरी दिसतील.

रागात लिहून राहिलो, हे आधीच सांगतो. राग तुझ्यावर नाही.

मागच्या महिन्यात दारव्ह्याला साळ्याकडं गेलतो. आठवडी बाजारात एका दुकानासमोर आपली स्पीकरची पेटी वाजत होती. तेवढीच उंच, पुढं तीच जाळी, 'रूपसाऊंड'चं निळं स्टिकर, आणि मागच्या फळीला खाली दोन बोटांचं भोक, त्याला आतून लाल कापड. मी दारव्ह्यात एकही पेटी दिली नाही. जवळ जाऊन ठोकून पाहिली. तेलाचा रिकामा डबा वाजावा तशी वाजली. आत कापसाचा थर नाही, फळी खोक्याची.

दुकानदार म्हणे, "ओरिजनल हाये काका. फुलसावंगीचा माल. बनवनारा म्हातारा लय मोठा कारागीर हाये."

मी म्हटलं, "म्हातारा जित्ता हाये का मेला?"

तो म्हणे, "असन जित्ता."

आता सांग, अशा माणसावर हसायचं का त्याचा गळा धरायचा? मी चहा पिऊन परत आलो.

माल येतो यवतमाळहून. भारत नावाचा एक जण आहे, त्याचं मोठं शेड आहे, दिवसाला वीस पेट्या काढतो. मी आठ दिवसांत एक काढतो. त्याची पेटी बिघडली की लोक शिव्या मला देतात, कारण नाव माझं. लग्नात भर मांडवात आवाज फाटला, तर नवरीचा मामा मला फोन करतो. अरे, मी तुझ्या गावचं नावही ऐकलं नाही रे बाबा, असं किती जणांना सांगू? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हे.

यवतमाळचा सुनील वकील गाठला. चांगला पोरगा आहे, मला काका म्हणतो. तो म्हणाला, नावाचा दावा होतो. पुढच्या शुक्रवारी, २८ तारखेला, प्रतिज्ञापत्र करायचं आहे. त्यात शपथेवर लिहून द्यायचं, की हे नाव केव्हापासून चालवतो, आणि ही पेटी पहिल्यांदा कोणी शोधून काढली. बाकी काम तो पाहतो.

त्याच्या आधी आम्ही दोघं भारतच्या शेडवर जाऊन आलो. मी त्याचीच पेटी उलटी केली आणि विचारलं, "हे भोक कायले ठेवलं, सांग." त्याला उत्तर देता आलं नाही. मी छाती पुढं काढून बाहेर आलो.

आता जेवायला बोलावून राहिली. उरलेलं उद्या.

दि. १७

काल जे लिहिलं ते अर्धं लिहिलं. धनीबाईनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "पुढचं काहून नाही लेयलं?" म्हणून पुढचं लिहितो.

भारतला उत्तर आलं नाही हे खरं. पण तो काही गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, "तुमच्या पेटीले होतं म्हनून मी ठेवलं. आता तुमी सांगा काका, कायले हाये?"

लखन, मला सांगता आलं नाही.

अकरा वर्षं ते भोक पाडतो आहे मी. माप पाठ आहे, डावीकडून चार बोटं, खालून तीन. कशासाठी, ते कधी मनातच आलं नाही. वकिलासमोर म्हणालो, "धंद्याची गोष्ट हाये, तुले काहून सांगू?" भारत हसला. वकील खाली मान घालून चपला शोधू लागला. शेडवरून परत येताना ऑटोत तो एकच वाक्य बोलला, "काका, कोर्टातही हेच विचारतील."

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच आठवड्यात तांड्यातली पुष्पा पेटी घेऊन आली. म्हणाली, "काका, याच्यात बायांचा आवाज खरखरते. होळीत लेंगी गायाले कशी लावू?" मी तोंड सोडलं, की स्वस्ताच्या नादी लागता, भारतचा कचरा आणता. तिनं पेटी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "हे तुमच्याकडूनच नेली होती, मागच्या दिवाळीले." उघडून पाहिली. फळी माझी, कापूस माझा, जोड माझ्या हातचा. खरखर तरीही होती.

मग माळ्यावरून पहिली पेटी काढली. तू बनवलेली. आठवते? होळीच्या लेंगीत नंगाऱ्याच्या घुमाऱ्याखाली याडीचा आवाज बुडून जायचा, आईचंच गाणं ऐकू येईना म्हणून तू चिडून तीन दिवस शेडमध्ये बसला होतास. ती पेटी लावली. पुष्पानं माईक धरून दोन ओळी म्हटल्या. आवाज असा आला की धनीबाई चुलीवरची भाकर टाकून बाहेर आली.

मागची फळी काढून दोन्ही कापडं हातात घेतली. पहिल्या पेटीतलं कापड याडीच्या जुन्या फेटियाचं, त्या घेरदार घागऱ्याचं, धुऊन धुऊन विरलेलं सुती. तिचे दोन फेटिया पेट्यांना पुरले तोवर पुरले. मग मी बाजारातून लाल कापड आणलं. लाल पाहिलं, बाकी काही पाहिलं नाही. चकाकणारं, घट्ट विणीचं, पावसाळी छत्रीसारखं. भारतनंही तेच आणलं. आम्ही दोघांनी एकाच थानाचं घेतलं असेल तरी मला नवल वाटणार नाही.

तेव्हा मला तू दिसलास. याडीच्या गाठोड्यातलं एकेक कापड काढून ओठाला लावायचास आणि फुंकायचास. मी दारातून म्हटलं होतं, "फुगे इकतं का रे होळीत?" तू म्हणालास, "भिया, पेटीले श्वास पाह्यजे." मी हसलो आणि निघून गेलो. तू सांगत होतास आणि मी चिलीम शोधत होतो.

मग मी ते कापड ओठाला लावलं. श्वास आरपार गेला. नवीन लावलं, श्वास तोंडावर परत आला.

दुकानाला नावाची पाटी लावली त्या दिवशी तू एवढंच म्हणाला होतास, "भिया, दोघाईचं नाव टाक." मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. दुकान माझं, हत्यारं माझी, वीजबिल माझं. दुसऱ्या सकाळी तू पहिल्या गाडीनं गेलास. गावाला मी सांगितलं, पोराला शहराची हवा लागली. आणि पेटी मी शोधली, हेही मीच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही खरं वाटू लागलं.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत आहे. 'पेटी कोणी शोधली' तिथं सुनीलनं माझं नाव टाइप केलं होतं. मी खोडून तुझं लिहिलं आहे. तो डोकं धरून बसला. म्हणाला, "काका, दावा कमजोर होईल. भारत म्हणेल, हे स्वतःच दुसऱ्याची नक्कल करतात." मी म्हटलं, म्हणू दे. शपथेवर तेवढं तरी खरं असलं पाहिजे.

शुक्रवारी अकरा वाजता मी यवतमाळच्या बसस्टँडवर असेन. तू आलास तर दोघांच्या सह्या. नाही आलास तर माझी एकट्याची, पण मजकूर हाच.

याडीच्या फेटियाचं ते कापड पाकिटात घातलं आहे. त्याच्यावाचून पहिली पेटी मागून उघडीच पडली आहे, तिला दुसरं काही लावणार नाही. होळीला महिनाही उरला नाही. पुष्पा रोज विचारून जाते, पेटी कधी देता. मी सांगतो, बनवणाऱ्याला विचारलं आहे.

तुझ्या पेटीची पहिली नक्कल करणारा,
तुझा भिया
रूपसिंग